नवे भाषाशिक्षक हाताखाली आलेत? आधी त्यांना तुमच्या वर्गात बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका खासगी संस्थेत बरीच वर्षं जर्मन शिकवल्यावर तुम्ही आता अकॅडेमिक को-ऑर्डिनेटर झालात. चार नवे शिक्षक हाताखाली आलेत. भाषा सगळ्यांची पक्की आहे, पण वर्गात बावरतात. बॅच सुरू होण्याआधी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी का, आणि एखाद्याला जमलंच नाही तर काय करावं, हे तुम्हाला विचारायचंय.

कार्यशाळा जरूर घ्या, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. नवा माणूस शिकवायला शिकतो तो कुणाला तरी शिकवताना बघून, आणि स्वतः शिकवत असताना विश्वासातलं कुणी मागे बसलेलं असतं तेव्हा. म्हणून सगळ्यात आधी त्यांना तुमच्या वर्गात हॉस्पिटेशनला, म्हणजे मागे बसून तास बघायला, बसवा. तुमचा उत्तम वर्ग निवडून दाखवू नका, चालू आठवड्यातला कुठलाही दाखवा. संध्याकाळी ऑफिसातून दमून आलेली माणसं, होमवर्क न केलेले दोघे, मध्येच बंद पडलेला स्पीकर, आणि त्यातून तुम्ही वाट कशी काढता हे त्यांना दिसू दे. तुमचं नियोजन फसताना त्यांनी पाहिलं की पुढे स्वतःची अडचण सांगायला ते कचरत नाहीत.

पहिली बॅच कुठली द्यायची याचा नीट विचार करा. बहुतेक ठिकाणी नव्या शिक्षकाला अगदी सुरुवातीची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची बॅच देतात, सोपी म्हणून. मला हे मुळीच पटत नाही. भाषाज्ञान मोजायच्या युरोपीय चौकटीतल्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू या सहा पातळ्यांपैकी शिकवायला सगळ्यात कसब लागतं ते इथेच, कारण वर्गाकडे अजून त्या भाषेतलं काहीच नसतं. पुन्हा वर्ग किती वेगवेगळ्या माणसांचा! दहावीतली मुलगी, मास्टर्सला निघालेला इंजिनिअर, आणि नवरा जर्मनीत असल्यामुळे व्हिसासाठी ए-वनचं प्रमाणपत्र हवं असलेली नववधू. परीक्षेत १०० पैकी ६० गुण मिळाले नाहीत तर तिचं जाणं लांबतं, आणि ते दडपण थेट शिक्षकावर येतं. त्यापेक्षा ए-वनचा उत्तरार्ध द्या. वर्ग एकमेकांना ओळखत असतो, जोडीने बोलायची सवय झालेली असते. त्याच पातळीची दुसरी बॅच एखाद्या जुन्या शिक्षकाकडे ठेवा, म्हणजे धड्याचं नियोजन दोघं मिळून करतील आणि नव्या माणसाची रात्र रात्र जागून होणारी तयारी निम्म्यावर येईल.

आता वर्गनिरीक्षण. माझ्या मते तुमच्या कामाचा गाभा हाच आहे. मागच्या बाकावर बसा, वही उघडा, मत लिहू नका. वेळ लिहा आणि कोण काय बोललं ते लिहा. एक उदाहरण देते. नवी शिक्षिका प्रवासाचा धडा घेत होती. माझ्या वहीत नोंद होती: ६.१० ते ६.३२ शिक्षिका फळ्यावर डाटिव या जर्मन विभक्तीचा तक्ता समजावते, वर्ग उतरवून घेतो. ६.४० ला खिडकीजवळची मुलगी म्हणते, ‘इश फारं मिट डेम बुस’, म्हणजे मी बसने जाते. वाक्य अचूक होतं. शिक्षिका तेव्हा पुढचं पान शोधत होती, तिला ते ऐकूच गेलं नाही. तास संपल्यावर मी तिला फक्त या दोन नोंदी वाचून दाखवल्या आणि विचारलं, ‘त्या मुलीला हे कसं जमलं असेल गं?’ ती जरा थांबून म्हणाली, ‘पुस्तकातल्या संवादात ऐकलं होतं तिने. तक्त्यामुळे नाही.’ पुढच्या तासाला तिने फळ्यावर बस, रिक्षा, स्कूटर आणि ट्रेन काढली आणि कोण कशाने येतं ते वर्गाला एकमेकांना विचारायला लावलं. ‘मिट डेर रिक्शा’ आलं तेव्हा एकाने आपणहून विचारलं, इथे डेम का नाही? (बुस पुल्लिंगी म्हणून डेम, रिक्शा स्त्रीलिंगी म्हणून डेर.) तक्ता तेव्हा आला, पाच मिनिटांत आटोपला आणि वर्गाच्या लक्षातही राहिला.

एका निरीक्षणात एकच गोष्ट बोला. दहा सूचना दिल्यात तर माणूस पुढच्या तासाला त्या दहा आठवत उभा राहतो आणि समोरचा वर्ग त्याला दिसत नाही. आणि ही वही पगारवाढीच्या फाइलीत कधीही जाता कामा नये. मूल्यमापनासाठी वेगळ्या दिवशी, आधी सांगून जा. हे दोन्ही एकत्र केलंत की शिक्षक तुमच्यापुरता खास तास रचून दाखवतो, आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

तक्रारी येणारच. मी नवी होते तेव्हा माझ्याबद्दल आली होती, ‘मॅडम इंग्रजीत काही सांगतच नाहीत.’ आमच्या को-ऑर्डिनेटर बाईंनी तक्रार करणाऱ्या गृहस्थांना शांतपणे सांगितलं, ‘ही पद्धत आम्ही ठरवलेली आहे. दोन आठवडे द्या, जबाबदारी माझी.’ मला त्यांनी त्या दिवशी काहीच कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसल्या आणि नंतर म्हणाल्या, सूचना देताना एक ओळ फळ्यावर लिही आणि एकदा स्वतः करून दाखव. तक्रार आली होती हे मला कळलं ते बॅच संपल्यावर. पद्धतीची पाठराखण वर्गासमोर आणि सुधारणा बंद दाराआड, हे मी त्यांच्याकडून उचललं आणि अजून सोडलेलं नाही. बाईंचे उपकार मी कायम मानते.

वर्गातल्या ‘हे असंच का?’ या प्रश्नाला नवे शिक्षक फार घाबरतात. ‘बघून उद्या सांगते’ म्हणायची मोकळीक त्यांना तुमच्याकडून स्पष्ट शब्दांत मिळायला हवी. आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच सांगतात ना, तेवढं बघा.

आणखी एक. मॅनेजमेंटशी भांडायचं असेल तर तयारीच्या तासांच्या पैशांसाठी भांडा. तासिकेवर काम करणाऱ्याला फक्त वर्गातल्या वेळेचे पैसे मिळतात. हॉस्पिटेशन आणि मीटिंग फुकट धरली की शिकायला येणं त्याला परवडत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिकांना तिथे नोंदणीसाठी साधारण बी-टू लागतं. म्हणजे चांगल्या शिक्षकाला मागणी आहे, तो तुमच्याकडे थांबावा असं वाटत असेल तर त्याच्या वेळेची किंमत धरा.

स्वतःची वाढही त्यांची थांबू देऊ नका. सतत ए-वन शिकवून शिक्षकाची भाषाही तेवढीच उरते. सी-वनच्या तयारीसाठी बॅचच्या वेळा जुळवून द्या. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ या प्रशिक्षणमालेत शिक्षक आपल्याच वर्गातला एक छोटा प्रश्न घेऊन त्याचा शोध घेतात. संस्थेने फी भरली नाही तरी ही कल्पना तुम्ही उचलू शकता: महिन्याला एक प्रश्न, उदाहरणार्थ जोडीकामात कोण गप्प राहतं, आणि महिनाअखेर चहावर त्याची चर्चा.

राहिलं ते जमलंच नाही तर काय. दोन बॅचेस जाऊ द्या, पहिलीवरून ठरवू नका. वर्गाची भीती जाते, ती बाधक नाही. विद्यार्थी चुकला की ज्याला राग येतो आणि वारंवार बोलूनही तो जात नाही, त्याच्याशी मात्र स्पष्ट बोला, तेही पुढच्या बॅचचं वेळापत्रक लागायच्या आधी, म्हणजे त्याला दुसरं काम बघायला अवधी मिळेल. भाषा उत्तम असेल तर भाषांतर किंवा पेपर तपासायचं काम सुचवा. माझ्याकडची एक मुलगी अशीच भाषांतराकडे वळली आणि तिथे छान रमली.