मंडळी सामाजिक न्याय 'करते', 'देते' की 'मागते'?

प्रश्न असा आहे. सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (म्हणजे स्थानिक चर्चचा) वार्षिक अहवाल तयार होतो आहे. ज्या भागाला आजवर 'समाजसेवा' असं शीर्षक होतं, त्याला यंदा 'सामाजिक न्याय' म्हणावं, असं तरुण संघाचं म्हणणं. खालचं पहिलं वाक्य 'आमची मंडळी अनेक वर्षे सामाजिक न्याय करीत आली आहे' असं लिहिलं आहे. पंच कमिटीतल्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या, काहींना ते खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही. वाक्य बरोबर आहे का, आणि दोन शब्दांत फरक काय?

खटकतं ते रास्त आहे. व्याकरण ठीक आहे, क्रियापद चुकलं आहे. मराठीत 'न्याय करणे' म्हणजे निवाडा करणे. पूर्वी पाटील-पंच करत, आता न्यायाधीश करतात. म्हणजे या वाक्यात मंडळी गादीवर बसली आणि वस्तीतली माणसं समोर हात जोडून उभी राहिली. 'न्याय देणे' हेही वरून खाली येणारं. (नाट्यसमीक्षक नटाकडून भूमिकेला 'न्याय' देववतात, तो प्रकार इथे सोडून देऊ.) 'न्याय मिळवून देणे' जरा बरं, पण त्यातही मिळवणारा एक आणि घेणारा दुसरा, आणि घेणारा बसून राहिलेला. अशा कामासाठी मराठीत मुरलेला शब्द निराळाच आहे: दाद. फारसीत 'दाद' म्हणजे न्यायच. आपण 'दाद मागतो', 'दाद लागते', आणि कचेरी 'दाद देत नाही' हे तर रोजचंच. दाद ज्याची त्यानेच मागायची असते, दुसरा फार तर सोबत जातो. मंडळीच्या कामाला हे क्रियापद चपखल बसतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा खेटे घालते, ती दादच मागत असते.

एक छोटी गोष्ट 'मंडळी'बद्दल. ख्रिस्ती मराठीत हा पारिभाषिक शब्द आहे. बाहेरच्या वाचकाला मात्र 'ख्रिस्ती मंडळी' म्हणजे ख्रिस्ती लोक. अहवाल नगरसेवकाला किंवा कचेरीत द्यायचा असेल, तर पहिल्या उल्लेखात चर्चचं पूर्ण नाव घाला, मग खुशाल मंडळी म्हणा.

आता सेवा आणि न्याय. राज्यघटनेच्या उद्देशिकेतच 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय' आहे. मंत्रालयात खात्याचं नाव 'सामाजिक न्याय व विशेष साहाय्य' असं आहे, आणि त्याच खात्याचं जिल्ह्यातलं कार्यालय मात्र अजून 'समाज कल्याण'. तेव्हा घोटाळा फक्त तुमच्या पंच कमिटीत आहे असं नाही. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: दिलेली वस्तू उद्या बंद केली तर समोरच्याला तक्रार करता येईल का? नाताळात वाटलेलं ब्लँकेट पुढच्या वर्षी दिलं नाही, तर कोणी विचारणार नाही. ती सेवा. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला (हा शिधापत्रिकेचा एक गट) माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरलेलं आहे. ते कमी आलं तर तक्रार करता येते, आणि त्या तक्रारीत सोबत करणं हे न्यायाचं काम. सेवा हलकी आणि न्याय थोर, असं मुळीच नाही. भुकेल्या माणसाला आधी अर्ज भरायला सांगणं हा शुद्ध आचरटपणा होईल.

पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) मराठीत ही दोन्ही कामं एकाच शब्दाभोवती दिसतात. तो शब्द म्हणजे सरवा. ज्वारीच्या मुलखात तो समजावून सांगायला नको: कापणीनंतर रानात राहिलेली, गळालेली कणसं. लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेतमालकाला आज्ञा आहे, की कडेकोपरे सगळे कापू नकोस, पडलेलं वेचू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं. मालकाच्या मर्जीचा इथे प्रश्नच येत नाही. गरिबाने यायचं, स्वतः वेचायचं. रूथच्या पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायात परक्या मोआब देशातली रूथ सरवा वेचायला जाते ती याच हक्काने. पण तिथेच शेतमालक बवाज गड्यांना सांगतो, की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं टाकत जा. सरवा हा न्याय, मुद्दाम टाकलेली कणसं ही दया. अहवालात दोन मथळे हवेत ते याचसाठी. आणि आमोस संदेष्टा न्यायाची जागा सांगतो ती वेशीत, जिथे गावाचे निवाडे होत. आजची वेस म्हणजे तहसील कचेरी, पुरवठा कार्यालय, कामगार कार्यालय. सामाजिक न्यायाची नोंद उपासनेच्या वेळापत्रकापेक्षा या कचेऱ्यांच्या आवक शिक्क्यांवरून सापडली पाहिजे.

सोलापुरात हा फरक दाखवायला सेटलमेंटइतकं स्पष्ट उदाहरण नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये नव्याने झाला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याखाली शहरालगत तारेच्या कुंपणात कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची वसाहत झाली. हजेरी सक्तीची आणि काम गिरण्यांत. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनऱ्यांनी कुंपणाच्या आत केलेलं काम सेवा नव्हतं असं कोण म्हणेल? पण कुंपण तसंच राहिलं, आणि जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा पुसला गेला तो १९५२ च्या ऑगस्टअखेर. वसाहतीचं 'सेटलमेंट' हे नाव मात्र आजही पत्त्यांत आहे. 'अनेक वर्षे सामाजिक न्याय करीत आली आहे' हे वाक्य सोलापुरात लिहिताना एवढा इतिहास डोळ्यांआड करू नये. १९३८ च्या सुरुवातीला डॉ. आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले, तेव्हा त्यांचा आक्षेप साधारण हाच होता, की समाज म्हणून ख्रिस्ती लोक सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी लढलेले नाहीत. अहवालातलं 'अनेक वर्षे' काढून टाका.

मग 'सामाजिक न्याय' या मथळ्याखाली काय लिहायचं? इथे शब्दापेक्षा काम महत्त्वाचं, म्हणून थोडं तपशिलात.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात: हक्क कोणता, कोणत्या कायद्याने किंवा योजनेने, अर्ज कोणाकडे आणि कधी, पुढे काय झालं. सगळ्यांत जास्त अर्ज बुडतात ते पोच न घेतल्याने. 'साहेबांना भेटून आलो' ही नोंद नव्हे. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का हवा, कारण लोकसेवा हक्क कायद्यातली (२०१५) मुदत त्या तारखेपासून मोजावी लागते, आणि अपिलाचा हिशेबही त्या मुदतीवरच ठरतो. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा: १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, ३० दिवसांत उत्तर, आणि त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील.

विधवा आणि निराधारांसाठी संजय गांधी योजनेचे अर्ज तहसीलकडे जातात. अडतात ते बहुधा २१,००० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नाच्या दाखल्यावर. मंजूर झालेलं अनुदान पुढे थांबतं ते हयातीचा दाखला वेळेवर न दिल्याने. ही आठवण रविवारच्या सूचनांत एकदा वाचली, तरी कित्येकींचे हेलपाटे वाचतील. वकिलाचा प्रश्न आला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे माहीत नसल्याने मंडळ्या उगीच वर्गणी काढत बसतात.

जातीच्या दाखल्याला तारखा पाठ हव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यापूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. ख्रिस्ती कुटुंबांची अडचण अशी, की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'ख्रिस्ती' असलं की धागा तुटतो. मग त्याही मागच्या पिढीची नोंद शोधावी लागते. अशा वेळी मंडळीची जुनी बाप्तिस्म्याची वही निदान नावं आणि नाती जुळवायला कामी येते. वही वाळवी लागण्याआधी तिचे फोटो काढून ठेवणं हेही न्यायाचं काम समजा. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे त्या जातीच्या सवलती मिळत नाहीत, महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागास वर्गात होते. ते कचेरीत भांडून बदलणारं नाही. तो धोरणाचा आणि कोर्टाचा मामला. अर्जदाराला हे आधीच सांगावं, खोटी आशा लावू नये.

बिडीचं काम जास्त नाजूक आहे. बाई पान आणि तंबाखू घरी आणते, मजुरी हजार बिड्यांवर मिळते. गळती दोन ठिकाणी: पान तोलून कमी दिलं की उरलेलं ती पदरच्या पैशाने घेते, आणि जमा करताना चांगल्या बिड्याही 'छाट' म्हणून बाजूला पडतात. तक्रार कुठेच टिकत नाही, कारण तिच्याकडे कागद नसतो. मंडळीला करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे रोजची वही: मिळालेलं पान, दिलेल्या बिड्या, छाट, हातात पडलेले पैसे. महिनाभराच्या नोंदी हाताशी असल्या की बोलणी होऊ शकतात. वही तेलुगूतही हवी, कारण बिडी वळणाऱ्या बऱ्याच घरांत तीच भाषा. आणि मंडळीने स्वतःची नवी संघटना काढू नये. सोलापुरात कामगार संघटनांना मोठी परंपरा आहे. शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांची १०,००० घरं उभी राहिली ती संघटित मागणीतून, कोणाच्या दानातून नव्हे. तिथे मंडळीने मागच्या बाकावर बसावं.

अर्जाबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका किंवा शुभवर्तमानाची प्रत देऊ नये. प्रार्थनेला येण्याची अपेक्षा तर दूरच. हक्काच्या कागदाला आमिषाचा वास लागला की अर्जदारही अडचणीत येतो आणि मंडळीही. यादी वस्तीची असावी, सभासदांची नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, यात पहिली तक्रार नेमकी याचीच आहे: रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. त्यावर भाषण झालं नाही, सात माणसं नेमली गेली. त्यांची नावं पाहिली तर सातही ग्रीक, म्हणजे ज्यांची तक्रार त्यांच्याच बाजूचे लोक वाटपावर बसवले असावेत.

आणि घरचं. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईला काय मिळतं? याकोबाच्या पत्रात, अध्याय ५, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते असं आहे. तुमच्या अहवालात जमाखर्चाचं पान असेलच. वाचणारा आधी तेच उघडतो.

शब्दांपुरतं शेवटचं: 'लाभार्थी' काढा, 'अर्जदार' लिहा. लाभार्थ्याला लाभ मिळतो, अर्जदार मागतो, आणि नाकारलं तर अपील करतो. नावं आणि फोटो छापू नका. फेटाळलेले आणि पडून राहिलेले अर्जही छापा. नमुन्याचं वाक्य असं: 'सेटलमेंट भागातील चार अर्जदारांनी शिधापत्रिकेवर नावे चढवण्यासाठी पुरवठा कार्यालयात दाद मागितली; मंडळीचे दोन सभासद सोबत होते. दोन नावे चढली, एक अर्ज फेटाळला गेला असून अपील केले आहे, एक प्रलंबित.' यात 'न्याय' हा शब्द एकदाही नाही. तो वर शीर्षकात आहे तेवढा पुरे. ब्लँकेटं, औषधं आणि नाताळचा फराळ खाली 'समाजसेवा' याच जुन्या मथळ्याखाली राहू द्या.