अख्खं गाणं नको, अडलेला तुकडा पाठव
अरे, खानापुरातून पाठवलेलं तुझं गिटारचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. आधी ते 'चुकलंय, माफ करा' म्हणायचं सोड. चुका ऐकवायलाच पाठवतोयस ना? फक्त अख्खं गाणं नको. जिथं अडतंय तेवढ्याच दोन ओळी, मेट्रोनोम (ठेका धरणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून. सलग तीनदा स्वच्छ आलं की 65.

तुझा खरा घोळ एफ बारे कॉर्डचा आहे, म्हणजे तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या त्या कॉर्डचा. पहिल्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांतला पहिला घर), नटजवळ (गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी), तारा दाबायला सगळ्यात जड जातात. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धर (तिथं तो ए होतो), हात बसला की एकेक फ्रेट मागं ये. तर्जनी अगदी सपाट नको, किंचित कडेवर कलव. अंगठ्यानं आवळू नकोस, दंडाचं वजन मागं ओढ.

आणि आपल्याकडचा पावसाळा! लाकूड ओल धरतं, तारा उचलल्यासारख्या होतात. मी पहिल्या वर्षी बोटांनाच शिव्या घालत बसलो; शेवटी टिळकवाडीतल्या एका जाणत्यानं तारांची उंची कमी करून दिली. ओल्या भिंतीला गिटार टेकवू नको.

रेकॉर्ड करताना फोन हातभर लांब ठेव, नाहीतर खर्ज नुसता घुमतो. रविवारी बारेचा तेवढा तुकडा धाड.