शिक्का शाबूत, मुदत संपलेली

या महिन्यात पत्रं तीनच घेतो. तिन्ही एकाच दुखण्याची आहेत: परवाना होता, मुदत संपली, आता काय? उत्तरं देणारा मी 34 वर्षं मुंबईच्या साइटवर धूळ खाल्लेला माणूस, आधी सुपरवायझर, नंतर स्ट्रक्चरल इंजिनीअर. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण ते वाचताना मी स्वतःच जरा ओशाळलो.

प्रश्न: मी 48 वर्षांची, भांडुपला राहते. महापालिकेचं स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लायसन्स माझ्याकडे होतं. 2019 मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे अबू धाबीला गेलो. तिथे मी इमारतींची तपासणी करणाऱ्या कंपनीत काम केलं आणि आयसीसी या अमेरिकी संस्थेचं कमर्शियल बिल्डिंग इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्रही मिळवलं. सासूबाईंच्या आजारपणात परत आलो. त्यांचं करता करता दोन्हींच्या मुदती उलटून गेल्या. आता मोठे दीर, जे त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या) रिपोर्टवर माझी सही मागताहेत. इमारत 1988 ची आहे. ते म्हणतात, ‘तू सही कर, लायसन्स मागाहून मागच्या तारखेपासून करून घे, सगळे तसंच करतात.’ घरातलं माणूस, नाही कसं म्हणू? आणि या वयात मुलांच्या रांगेत बसून पुन्हा परीक्षा द्यायची का?

उत्तर: ताई, सही करू नका. बाकीचं सगळं यानंतर.

आता माझी गोष्ट ऐका. 1996 साली आम्ही परळच्या चाळीतून मुलुंडला आलो. नवा पत्ता रेशन कार्डावर घातला, बँकेत कळवला, गावी काकांना कळवला. लायसन्स देणाऱ्या कार्यालयात कळवायचा राहिला. माझी मुदत एप्रिलमध्ये संपली आणि मला ते कळलं ऑगस्टमध्ये. खिडकीवरच्या कारकुनाने माझ्या पत्राखालचा शिक्का पाहून विचारलं, ‘साहेब, हा नंबर चालू आहे ना?’ शिक्का रबराचा, त्याला मुदत कुठली कळायला! तो आपला एप्रिलइतकाच ठळक उठत होता.

मधल्या चार महिन्यांत एका इमारतीच्या दोन स्लॅबची लोखंडाची तपासणी मी केली होती, सह्या केल्या होत्या. काम चोख होतं, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. पण मालकाच्या वकिलाने एवढंच विचारलं, ‘दुसऱ्या कुणाकडून आता तपासून घेता येईल का?’ कसं येणार? स्लॅब भरून झालेला. सळया कुठल्या, बीमच्या रिंगा किती अंतरावर, खाली कव्हर ब्लॉक (सळया उचलून धरणारे ठोकळे) होते की मुकादमाने खडी सरकवली होती, हे बघायला काँक्रीट पडण्याआधीची एकच सकाळ मिळते. ती सकाळ गेली की मागच्या तारखेने परत येत नाही. शेवटी क्यूबचे (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांचे) 7 आणि 28 दिवसांचे निकाल शोधून काढले, स्लॅबमधून कोअर (कापून काढलेले नमुने) घेतले आणि चालू लायसन्सच्या एका इंजिनीअरने स्वतः फिरून स्वतःच्या जबाबदारीवर पत्र दिलं. कोअरचे पैसे माझ्या खिशातून गेले. पत्नीला त्या दिवाळीत पाटल्या करायच्या होत्या, त्या राहिल्या. याचा उल्लेख घरात अजून होतो.

तेव्हा ‘मागच्या तारखेपासून करून घे’ याचा अर्थ नीट लावा. दंड भरून पावतीवर कुठली तारीख पडते, हा कार्यालयाच्या हिशेबाचा भाग. तुम्ही कॉलमला हातोडी लावली त्या दिवशी तुमच्याकडे लायसन्स होतं का, हा वेगळा प्रश्न, आणि उद्या काही झालं तर तोच विचारला जाणार. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 मधल्या कलम 353ब प्रमाणे 30 वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्यावी लागते. दिरांच्या इमारतीने 2018 मध्येच तिशी ओलांडली. ‘नोंदणी असलेल्या’ या दोन शब्दांवरच अख्खा रिपोर्ट उभा आहे. तुम्ही आज त्यात बसत नाही. म्हणजे तुमची सही घेऊन सोसायटीचाही रिपोर्ट फुकट जाणार, हे दिरांना सांगा. ‘भावोजी, मला जमणार नाही’पेक्षा ‘भावोजी, तुमचेच पैसे वाया जातील’ हे सेक्रेटरी माणसाला लवकर पटतं.

नूतनीकरणाच्या अर्जासोबत एक साधं पत्र जोडा. त्यात हे वाक्य हवंच: ‘माझ्या लायसन्सची मुदत अमुक तारखेस संपली असून त्या तारखेपासून आजपर्यंत महापालिकेच्या हद्दीतील कोणत्याही कामावर मी या लायसन्सच्या आधारे सही केलेली नाही.’ आज हे वाक्य तुम्ही निर्धास्त लिहू शकता. दिरांच्या रिपोर्टवर सही केलीत की लिहू शकणार नाही. मला 1996 मध्ये लिहिता आलं नव्हतं.

बाकी कागद तुम्हाला ठाऊक आहेत: पदवी, जुन्या लायसन्सची प्रत, पत्त्याचा पुरावा, फोटो. अबू धाबीच्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र मात्र आजच मागवा. कामाचं स्वरूप, इमारतींचे मजले आणि तारखा त्यात येऊ द्या. कंपन्या बंद होतात, साहेब बदलतात, मग ओळख द्यायला कुणी उरत नाही. खिडकीवर ‘होऊन जाईल मॅडम’ असं सांगितलं तर गोड मानून घ्या, पण आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नका. मधे खंड पडला म्हणून आणखी काही मागितलं तर तेही लेखी मागा.

आता आयसीसी. (क्रिकेटवाल्यांची नव्हे, इंटरनॅशनल कोड कौन्सिल, अमेरिकेतली, 1994 मध्ये स्थापन झालेली.) त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत 3 वर्षं. तेवढ्या काळात शिक्षणाचे ठरावीक तास जमवून नूतनीकरण करायचं असतं. एक तास बसलात की 0.1 युनिट, दहा तासांचं एक. कोडही, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं त्यांचं पुस्तक, दर 3 वर्षांनी नवा निघतो. तुमचा अभ्यास 2018 च्या आवृत्तीवर झाला असणार. त्यानंतर 2021 आणि 2024 च्या येऊन गेल्या. खात्यात लॉगिन करून तुमच्या नावापुढे आज काय स्थिती दिसते ते आधी पाहा. परीक्षेची वेळ आलीच, तर ती पुस्तक समोर ठेवून द्यायची असते आणि घरूनही देता येते. मुलांच्या रांगेचा प्रश्नच नाही. उलट ज्याने कोड खरोखर चाळलेला असतो त्याला नेमकं पान पटकन सापडतं, तिथे 48 हे वय कामीच येतं.

पण माझं मत विचाराल तर आधी महापालिकेचं लायसन्स. आयसीसीच्या कागदाला भांडुपमध्ये कायद्याने काही वजन नाही. पुन्हा आखातात जायचं असेल, किंवा इथे बसून तिकडचे नकाशे तपासायचं काम धरायचं असेल, तरच त्यात पैसे घाला. नुसतं भिंतीवर लावायला नको.

एक गोष्ट मात्र परवान्याइतकीच शिळी झाली आहे, आणि ती कुठल्याच खिडकीवर कुणी विचारणार नाही. आपण अल्ट्रासॉनिक आणि रिबाउंड हॅमर या काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्यांसाठी वर्षानुवर्षं आयएस 13311 हे भारतीय मानक लिहीत आलो. ते आता आयएस 516 च्या भाग 5 मध्ये गेलं: अल्ट्रासॉनिकचा विभाग 2018 चा, हॅमरचा 2020 चा. अजूनही लोक जुन्या रिपोर्टवर नाव बदलून 13311 छापतात. मी रिपोर्ट हातात घेतला की आधी तो आकडा शोधतो; लिहिणाऱ्याने कोड शेवटचा कधी उघडला ते तिथेच कळतं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी केली की मानकं मोफत मिळतात. लायसन्स येईपर्यंत दुपारचा एक तास त्याला द्या. विकास नियंत्रण नियमावली 2034 ही तुम्ही गेलात तेव्हा नवीकोरी होती, तीही पुन्हा बघा.

दिरांना सही न करताही मदत करता येईल. चालू नोंदणीचा इंजिनीअर सोसायटीने नेमू द्या. लायसन्सची प्रत मागून मुदतीची तारीख स्वतः वाचा. मग आलेला रिपोर्ट त्यांच्या वतीने नजरेखालून घाला. नुसत्या हॅमरच्या आकड्यांवर भागवलं असेल तर परत पाठवा. कोअर किती आणि कुठून घेतले? फिनॉल्फ्थेलिन (काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत असेल तर गुलाबी होणारं रसायन) मारल्यावर काँक्रीट गुलाबी झालं की रंग बदललाच नाही, आणि किती खोलवर? डक्टमधल्या कॉलमपर्यंत कुणी पोचलं का, की गच्ची आणि पार्किंगचे फोटो काढून चहा पिऊन गेले? संडासांच्या मागचा तो डक्टच इमारतीला आधी खातो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर 3 वर्षांनी करायचं आहे. म्हणजे पुढच्या खेपेला तुमचं लायसन्स चालू असेल. तेव्हाही दिरांच्याच इमारतीवर सही करायची का, ते एकदा मनाशी ठरवा. मी केली नसती.

प्रश्न: दादरच्या आमच्या सोसायटीत आग प्रतिबंधक यंत्रणेची देखभाल एका एजन्सीकडे आहे. जानेवारीत त्यांनी फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दिला. नंतर कळलं, त्यांचं लायसन्स डिसेंबरमध्येच संपलं होतं. जुलैत नवा फॉर्म येईलच. तोवर गप्प बसावं का? (सोसायटीचे खजिनदार)

उत्तर: बसू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 खाली फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, आणि तो लायसन्सधारक एजन्सीचाच लागतो. तुमच्याकडे आज जानेवारीचा फॉर्मच नाही असं धरून चला. चालू लायसन्सच्या एजन्सीला बोलवा, पंप चालवून होजरीलमधून पाणी येतं का ते स्वतः उभं राहून पाहा, आजच्या तारखेचा फॉर्म घ्या आणि उशिराचं कारण लिहून अग्निशमन दलाकडे द्या. जुन्या एजन्सीला देखभालीचे पैसे द्यायचे की कापायचे, ते तुम्ही खजिनदार आहात, मी काय सांगू!

प्रश्न: सूनबाई आर्किटेक्ट आहे. बाळंतपण आणि नंतरच्या धावपळीत कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीची फी भरायची राहिली. आता घरून ओळखीच्यांच्या फ्लॅटचं इंटिरिअर करते. कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापलं आहे. अडचण येईल का? (एक सासरे, गिरगाव)

उत्तर: इंटिरिअर करायला हरकत नाही, कार्डाला आहे. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट 1972 प्रमाणे नूतनीकरणाची फी वेळेत भरली नाही तर नाव नोंदवहीतून निघतं. ते परत घालण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. नाव नोंदवहीत नसताना ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की हा कायदा ते काम करण्याला बंदी घालत नाही, बिरुद वापरण्याला घालतो. मुंबईत आर्किटेक्टला महापालिकेचं वेगळं लायसन्स लागत नाही. कौन्सिलची नोंदणी हेच त्यांचं लायसन्स, म्हणून ती सोडून चालणार नाही. तिला या आठवड्यात बसवून अर्ज भरून घ्या, नातवाला तोवर तुम्ही सांभाळा. नाव परत लागेपर्यंत जुनी कार्डं कपाटात राहू देत.