शेतात आखलेले ब्लॉक हिशेबात कुठे गेले?

प्रश्न : मी एम.एस्सी. (कृषी)च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रब्बी कांद्याला हेक्टरी 0, 15, 30 आणि 45 किलो गंधक अशा चार ट्रीटमेंट (मात्रा) देऊन चार रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक मात्रा चार वेळा, प्रयोग घेतला. शेताला उतार आहे. वरची बाजू मुरमाड, नाल्याकडची काळी आणि खोल. वाफ्यांतला फरक डोळ्यांना दिसत होता, पण एक्सेलमध्ये अ‍ॅनोव्हा (फरकांची कारणवार विभागणी) काढला तर एफ (मात्रांमुळे पडलेला फरक आणि नशिबाने पडणारा फरक यांचे गुणोत्तर) एकपेक्षाही कमी आला. सोबत पडद्याचा फोटो पाठवला आहे. मॅडम, माझा प्रयोग वाया गेला का?

नाही. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. वर ‘अ‍ॅनोव्हा : सिंगल फॅक्टर’ असे लिहिले आहे, आणि सगळी चूक त्या एका ओळीत आहे. तुम्ही प्रयोग आरबीडीत (सारख्या जमिनीचे ब्लॉक पाडून, चिठ्ठ्या ब्लॉकच्या आत) घेतला आणि हिशेब सीआरडीचा (ब्लॉक न पाडता सगळ्या शेतात चिठ्ठ्या टाकण्याचा) केला.

शेतात तुम्ही काय केलेत ते आधी आठवा. उताराला आडव्या चार पट्ट्या पाडल्या. प्रत्येक पट्टीत चार वाफे केले आणि त्या पट्टीपुरत्या चिठ्ठ्या टाकून कोणत्या वाफ्याला किती गंधक द्यायचे ते ठरवले. पट्टी म्हणजे ब्लॉक. मुरमाडावर चारही मात्रा एकेकदा आल्या, नाल्याकडेही चारही आल्या. जमिनीने कोणाला झुकते माप दिले नाही. मग जमिनीमुळे पडलेला फरक हिशेबातून वेगळा काढायला नको का? सिंगल फॅक्टरने तो काढला नाही, सगळाच्या सगळा एररमध्ये, म्हणजे कारण न सांगता येणाऱ्या फरकात, ढकलला. एरर फुगला आणि गंधकाचा फरक त्याच्याखाली बुजला.

मार्गदर्शकांनी तपासण्याआधी तुमचे आकडे इथे छापणे बरे नाही, म्हणून त्याच धर्तीचे सोपे पूर्णांक मी बसवले आहेत. ते हिशेब शिकण्यापुरतेच आहेत. गंधकाची शिफारस म्हणून कोणी ते वापरू नयेत. वाफा 20 चौरस मीटरचा, उत्पादन किलोत, मात्रा डावीकडून 0, 15, 30, 45 :

ब्लॉक 1 (मुरमाड) : 40, 39, 42, 43
ब्लॉक 2 : 40, 45, 47, 48
ब्लॉक 3 : 45, 46, 52, 53
ब्लॉक 4 (नाल्याकडचा) : 51, 54, 55, 52

मात्रांच्या सरासऱ्या 44, 46, 49, 49. ब्लॉकच्या 41, 45, 49, 53. एकूण सरासरी 47. गंधकाने सरासरी फार तर 5 किलोंनी हलली, जमिनीने 12 किलोंनी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुखणे कळते.

आता फरकांच्या वर्गांची बेरीज घ्या. एकूण 428 येते. त्यातले 72 ट्रीटमेंटचे, 320 ब्लॉकचे, आणि उरलेले 36 एररचे. हे 36 कुठून आले ते एकदा तरी हाताने काढून बघा, कारण एरर म्हणजे काय हे त्याशिवाय अंगात मुरत नाही. पहिल्या ब्लॉकमधला पहिला वाफा घ्या. ब्लॉकची सरासरी 41, मात्रेची 44. दोन्हींची बेरीज करून एकूण सरासरी 47 वजा करा. 38 येतात. म्हणजे या जमिनीवर, या मात्रेला 38 किलो अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात 40 आले. वरचे 2 किलो ना गंधकाने समजावता येतात, ना जमिनीच्या पट्टीने. सोळाही वाफ्यांचे असे उरलेले फरक काढा, त्यांचे वर्ग करा, बेरीज 36 होईल.

ट्रीटमेंटच्या 72 ला 3 डी.एफ.ने (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे 4 मात्रांतून एक कमी) भागले की 24. एररच्या 36 ला 9 ने (मात्रांचे 3 गुणिले ब्लॉकचे 3) भागले की 4. एफ झाला 6.0. 3 आणि 9 डी.एफ.ला पाच टक्के पातळीचा तक्त्यातला एफ 3.86 आहे, म्हणजे फरक सिग्निफिकंट, नुसत्या नशिबाने सहसा न पडणारा. तुमच्या पद्धतीने केले असते तर ब्लॉकचे 320 एररमध्ये जाऊन 356 झाले असते, त्यांना 12 ने भागून 29.67, आणि एफ फक्त 0.81. सी.व्ही. (एररच्या भागाकाराचे वर्गमूळ, सरासरीच्या टक्क्यांत) 11.6 टक्के दिसला असता, जो प्रत्यक्षात 4.3 टक्के आहे. शेत तेच, कांदा तोच.

एक्सेलमध्ये ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ हा पर्याय घ्या. मुले नेमकी इथे बिचकतात. “माझी तर चार रेप्लिकेशन आहेत, मग विदाउट कसे?” असे दरवर्षी कोणीतरी विचारायचेच. एक्सेलच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की एका ब्लॉकमध्ये एक मात्रा एकदाच आली आहे. ओळींत ब्लॉक आणि स्तंभांत ट्रीटमेंट मांडले असतील, तर निकालात ‘रोज’समोरचा एफ ब्लॉकचा आणि ‘कॉलम्स’समोरचा तुमच्या कामाचा.

एफ सिग्निफिकंट आला, आता सी.डी. काढा, म्हणजे दोन सरासऱ्यांत निदान किती अंतर असले तर फरक खरा मानायचा ती मर्यादा. एररच्या 4 ची दुप्पट करून रेप्लिकेशनच्या 4 ने भागले की 2, त्याचे वर्गमूळ 1.414. 9 डी.एफ.चा पाच टक्के पातळीचा तक्त्यातला टी 2.262 आहे. गुणाकार 3.20. 30 किलोची मात्रा शून्यापेक्षा 5 किलोंनी पुढे आहे, तो फरक खरा मानायचा. 30 आणि 15 मध्ये अंतर 3 किलो, सी.डी.पेक्षा कमी, म्हणजे दोन्ही ‘अ‍ॅट पार’. प्रबंधात “30 किलो सर्वोत्तम” असे ठोकून देऊ नका. 15 किलो तिच्या बरोबरीने आहे हेही लिहा. शेतकऱ्याला पिशवीचे पैसे त्या वाक्यावर मोजायचे असतात.

आणि ब्लॉकचा एफ कधी सिग्निफिकंट आला नाही, म्हणून ब्लॉक हिशेबातून काढून टाकायचे नसतात. चिठ्ठ्या ब्लॉकच्या आत टाकल्या होत्या, म्हणून हिशेबही ब्लॉकसकटच होतो. आकडे पाहून मांडणी बदलता येत नाही. एक सूचना पुढच्या हंगामासाठी : एररला निदान 12 डी.एफ. मिळतील एवढे वाफे ठेवायची शिस्त आहे. चार ट्रीटमेंटना चार ब्लॉक घेतले तर 9 च मिळतात. पाचवा ब्लॉक घ्या.

हे सगळे मला पहिल्यांदा पुस्तकाने नव्हे, प्रक्षेत्रावरच्या मुकादमांनी शिकवले. नोकरीला लागल्यावर पहिलाच प्रयोग आखताना मी ब्लॉक उताराच्या दिशेने लांब पाडत होते, म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये मुरूमही आला आणि काळीही. मुकादम बांधावर उभे होते. म्हणाले, “बाई, ही वरची पट्टी दरसाल मागं पडती. वरचं वरच्यासंगं बघा, खालचं खालच्यासंगं.” मी दोरी गुंडाळली आणि पुन्हा आखणी केली. संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात गेले. तिथे 1843 पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगाचे आकडे साठले होते, आणि जमिनीचा फरक व खताचा फरक वेगळा कसा काढायचा हाच तिथला प्रश्न होता. सारख्या जमिनीचे गट पाडा आणि गटाच्या आत वाटणी नशिबावर सोडा, ही मांडणी त्यांनी त्यातून पक्की केली. मुकादमांना पहिले अर्धे ठाऊक होते. चिठ्ठ्यांचे दुसरे अर्धे मी पानसे-सुखात्मे यांच्या शेती-संख्याशास्त्रावरच्या 1954 च्या पुस्तकातून शिकले. त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आमच्या वेळी हे सारे वर्ग फॅसिटच्या गणकयंत्रावर हाताने दांडा फिरवून काढायचे, त्यामुळे कोणता आकडा कुठून आला हे विसरणे शक्यच नव्हते. संगणक वापरा, जरूर वापरा, पण एक प्रयोग तरी कागदावर सोडवा.

प्रश्न : काढणीच्या आठ दिवस आधी रानडुकरांनी एक वाफा उकरला. त्या जागी शून्य लिहू, की बाकी तीन रेप्लिकेशनची सरासरी?

दोन्ही नको. शून्य लिहिले तर डुकरांचे नुकसान तुमच्या ट्रीटमेंटच्या नावावर चढेल. नुसती सरासरी घेतली तर तो वाफा कोणत्या ब्लॉकमध्ये होता हे विसरल्यासारखे होईल.

वरच्याच आकड्यांत तिसऱ्या ब्लॉकमधला 30 किलोचा वाफा (52) गेला असे समजा. त्या ब्लॉकची उरलेली बेरीज 144, त्या मात्रेची उरलेली बेरीजही 144, आणि सगळ्यांची 700. ब्लॉकच्या बेरजेला ब्लॉकच्या संख्येने गुणा, मात्रेच्या बेरजेला मात्रांच्या संख्येने, दोन्ही मिळवून 700 वजा करा : 576 अधिक 576 वजा 700, म्हणजे 452. याला दोन्ही संख्यांतून एकेक कमी करून आलेल्या गुणाकाराने, इथे 3 गुणिले 3 म्हणजे 9 ने, भागा. 50.2 किलो येतात. हा आकडा बसवून नेहमीसारखा अ‍ॅनोव्हा करा, मात्र एररचा आणि एकूणचा डी.एफ. एकेकाने कमी करा, म्हणजे एररला 8. हा आकडा तुम्ही तोललेला नाही, हिशेबाने बसवलेला आहे, त्याला डी.एफ. मिळत नाही. शिवाय या पद्धतीत ट्रीटमेंटच्या वर्गांची बेरीज थोडी वाढून येते. एफ सीमेवर असेल तर तिची दुरुस्ती केल्याशिवाय सिग्निफिकंट म्हणू नका. त्या मात्रेची दुसऱ्या मात्रेशी तुलना करताना सी.डी.ही थोडी मोठी धरावी लागते.

पण हे सगळे डुकरांसाठी, गुरांसाठी, वाफ्यावर फुटलेल्या पाटासाठी. वाफा ट्रीटमेंटमुळेच जळला असेल, तर तो हरवलेला आकडा नव्हे. ते तुमच्या ट्रीटमेंटचे उत्तर आहे आणि जसे आले तसेच लिहायला हवे.

प्रश्न : मी शेतकरी आहे. हरभऱ्याच्या दोन जाती माझ्याच रानात पडताळायच्या आहेत. अर्ध्या रानात एक, अर्ध्यात दुसरी लावली तर चालेल का?

त्यात जात जिंकली की जमीन, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. रानात सहा ठिकाणे निवडा. प्रत्येक ठिकाणी शेजारी-शेजारी सारख्या मापाच्या दोन पट्ट्या पेरा आणि कोणती जात डावीकडे हे दरवेळी नाणे उडवून ठरवा. हीच आरबीडी आहे, दोन ट्रीटमेंट आणि सहा ब्लॉकची. काढणीला बाराही पट्ट्या वेगवेगळ्या तोलून वहीत लिहा आणि जोडीजोडीतला फरक काढा. सहाही जोड्यांत एकच जात पुढे राहिली, तर दोन्ही जाती सारख्याच असूनही असे नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता 32 मध्ये 1 आहे. पाचांत पुढे आणि एकात मागे असे झाले, तर त्याच बारा आकड्यांचे पत्र मला पाठवा. पट्ट्या कशा होत्या त्याचे कच्चे चित्र सोबत जोडा, पाणी कोणत्या बाजूने येते तेही त्यावर दाखवा.