बँडवाल्याचा नातू

ताई, मी २३ वर्षांचा, कळव्यात राहतो, ऐरोलीत नोकरीला आहे. आजोबा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्याकडे मी ते शिकलो, नंतर सॅक्सोफोनही. परदेशातल्या विद्यापीठात ही दोन वाद्यं शिकून पुढे तिथेच शिकवायचं, कार्यक्रम करायचे, असं मनात आहे. पगाराचे आकडे दाखवले तर बाबा म्हणाले, 'बँडवाल्याचं घर ही ओळख पुसायला मला तीस वर्षं लागली.' आठवडाभर आमचं बोलणं बंद आहे.
– क., कळवा

क.,

तुझ्या बाबांचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात पैशाचं नाव नाही, मग तू आकडे कशाला पुढे केलेस? त्यांच्या डोळ्यांपुढे वरातीपुढे चमचमत्या कोटात चालणारे वडील असतील, आणि तेच वडील सगळे उठल्यावर शेवटच्या पंगतीत जेवताना. वर्गातल्या कुणी ते पाहिलंही असेल. (लहानपणी ठाण्यात गॅलरीतून मीही कितीतरी वराती पाहिल्या. नवरदेवाचा घोडा आठवतो, वाजवणारा एकही चेहरा नाही.) आधी त्यांना विचार, आजोबा बँडात होते तेव्हा काय काय झालं? ते बोलतील तेवढं ऐक, मध्ये तुझं घोडं दामटू नकोस.

जमलं तर मग सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथांचं सांग. वडील नागस्वरम, म्हणजे दक्षिणेकडचं सनईसारखं वाद्य, वाजवणारे. पोराने म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच्या मागेच लागला. वाद्यात फेरफार करून त्यावर कर्नाटक संगीत आणलं, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात बँडातूनच, हे बाबांना ऐकू दे.

आता तुझा कान धरते. परदेशातल्या लहान संगीत विभागांत ही दोन्ही वाद्यं बऱ्याचदा एकाच शिक्षकाकडे असतात, तेव्हा तुझा विचार हवेतला नाही. पण कायमच्या जागेसाठी बहुधा डॉक्टरेट मागतात. तोवर तासावर शिकवायचं आणि मिळेल तिथे वाजवायचं. शिकवणाऱ्याचं स्वतःचं वादनही निवडीच्या वेळी ऐकतात. 'दोन्ही येतात' एवढ्याने भागत नाही. क्लॅरिनेटची नळी जवळपास एकसारख्या रुंदीची, सॅक्सोफोनची शंकूसारखी रुंदावत जाणारी. म्हणून वरच्या पट्टीत जाताना सॅक्सोफोन एक सप्तक चढतो, क्लॅरिनेट त्याहून वर, बाराव्या स्वरावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमावर जातं. बोटांची सवय फसते. तासभर सॅक्सोफोन वाजवून त्याच सैल ओठांनी क्लॅरिनेट उचललंस की ते चिरकतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आजोबांकडे कानाने शिकलास, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येतं का, ते लिहिलं नाहीस. येत नसेल तर आधी ते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा आपल्याकडेही होतात, दोन्ही वाद्यांची आठवी ग्रेड दे. वर्षभर नोकरी सोडू नकोस, आणि रविवारी दोन मुलांना शिकव. तोच सूर विसाव्यांदा चुकला तरी आवाज न चढवता पुन्हा सांगता येतं का, ते तिथे कळेल. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, मी हार्मोनियमची शिकवणी सोडली.

आणि आजोबांचं क्लॅरिनेट कुठे आहे? पत्रात नाही. बहुतेक बाबांनाच ठाऊक असेल, त्यांनाच विचार. सापडलं तर जोर लावून जोडू नकोस, सांध्यांवरचं कॉर्क सुकलेलं असतं.

– ताई