नाशिकमध्ये परवडणारी घरे वाढवण्यात म्हाडाची नेमकी भूमिका काय आहे?

म्हाडा म्हणजे स्वतः इमारती उभारणारी संस्था, एवढीच समजूत अनेकांची असते; नाशिकमध्ये मात्र तिचे अधिक महत्त्वाचे काम वाटपाचे आहे. 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभारणाऱ्या विकासकाला, 2013 पासून लागू झालेल्या सर्वसमावेशक गृहनिर्माण धोरणानुसार, 20 टक्के घरे अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवावी लागतात आणि त्यांचे लाभार्थी म्हाडाचे नाशिक मंडळ सोडतीने निवडते. त्यामुळे पाथर्डी, मखमलाबाद किंवा आडगाव शिवारातल्या खासगी प्रकल्पांतही मोजक्या सदनिका बाजारभावापेक्षा कमी किमतीत मिळू शकतात. अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचे प्रमाणपत्र तयार ठेवावे.

सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांतून कामगारवर्गासाठी घरे बांधली, तेव्हा शासन स्वतः बांधकामात उतरले होते. माझ्या मते आजची खरी कसोटी देखरेखीची आहे: परवानगी देणारी महापालिका आणि सोडत काढणारी म्हाडा यांच्यात माहिती वेळेवर पोहोचली नाही, तर राखीव घरे कागदावरच राहतात आणि गरजू कुटुंब भाड्याच्या खोलीतच अडकून पडते.