कलोयान या बल्गेरियन नावाचा अर्थ काय, ते आलं कुठून?

तुम्ही लिहिलंय की टीममध्ये कलोयान नावाचा बल्गेरियन सहकारी आलाय आणि नेटवर 'देखणा' एवढाच अर्थ सापडतो, तर तो बरोबर आहे का. बरोबर आहे पण अर्धाच. मी नोकरीसाठी सोफियात राहिलोय आणि हे नाव मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ ग्रीक नाव कालोयान्निस. कालोस म्हणजे चांगला, देखणासुद्धा, आणि योआन्निस म्हणजे मराठी बायबलातला योहान. हा योहान मुळात हिब्रू, 'देव कृपाळू आहे' असा त्याचा अर्थ. बल्गेरियात पावलोपावली भेटणारा इव्हान पण तोच, त्यामुळे कलोयान म्हणजे 'भला इव्हान' म्हटलं तरी चालेल. बायझंटाइन (कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, राजधानी असलेल्या ग्रीकभाषिक साम्राज्याचा) सम्राट दुसरा योआन्निस (1118 ते 1143) यालाही लोक कालोयान्निसच म्हणायचे आणि ते रूपासाठी नाही तर स्वभावासाठी, म्हणून मला 'भला' हाच अर्थ जास्त पटतो.

पण बल्गेरियन माणसाला हे नाव ऐकून ग्रीक शब्द आठवत नाही, त्सार (म्हणजे बल्गेरियन राजा) कलोयान आठवतो. 1197 ते 1207 हा त्याचा राज्यकाळ. तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलला ओलीस होता, तिथून निसटला, पुढे राजा झाला आणि 14 एप्रिल 1205 ला एड्रियानोपलजवळ (आजचं तुर्कस्तानातलं एदिर्ने) क्रुसेडर सैन्याला (कॉन्स्टँटिनोपल जिंकून बसलेले पश्चिम युरोपातले धर्मयोद्धे) धूळ चारून त्यांचा सम्राट बाल्डविन यालाच कैद करून आपल्या राजधानीत, तर्नोवोला (आजचं वेलिको तर्नोवो) घेऊन गेला. वेलिको तर्नोवोच्या किल्ल्यात बाल्डविनचा बुरूज आजही दाखवतात. नंतर कलोयानने ग्रीक शहरांचीही दाणादाण उडवली, तेव्हा ग्रीकांनी त्याच्या नावातला 'कालो' काढून तिथे कुत्रा घातला, स्किलोयान्निस! एकाच माणसाची ही दोन नावं शेजारी ठेवली की तो काळ किती रक्ताळलेला होता ते कळतं.

आणखी एक कलोयान आहे, लोक दोघांची गल्लत करतात. सोफियाच्या कडेला, व्हितोशा डोंगराच्या पायथ्याशी बोयानाचं छोटं चर्च आहे, त्यात 1259 ची भित्तिचित्रं आहेत. त्यातला कलोयान हा तिथला सरदार, हातात त्याच चर्चची छोटी प्रतिकृती धरून उभा, शेजारी बायको देसिस्लावा. चेहरे इतके जिवंत आहेत की विश्वास बसत नाही, आत फार वेळ थांबू देत नाहीत पण तेवढ्यासाठी जावंच.

आणि हो, 7 जानेवारीला इव्हानोव्हदेन म्हणजे संत योहानाचा दिवस असतो, त्या दिवशी इव्हान लोकांबरोबर कलोयान मंडळींचाही नामदिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. तिकडे नामदिवसाला वाढदिवसाइतकाच मान, पाहुणे आमंत्रणाची वाट न बघता घरी येतात. त्या दिवशी तुमच्या सहकाऱ्याला 'चेस्तित इमेन देन' (नामदिवसाच्या शुभेच्छा) म्हणा, आणि नाव घेताना जोर शेवटच्या 'यान'वर द्या.